काळ्या पिशवीतला रुइयू

आमच्या गावात अस्वलाला कुणी फारसं भीत नाही. कचऱ्याच्या पिंपाशी आलंच तर झाडू दाखवायचा, तेच कंटाळून निघून जातं. तळं गोठताना बर्फ कडाड वाजतो, तरी त्यावरची पोरं खेळायची थांबत नाहीत. पण माझी शेजारीण राउहा पेल्टोनिएमी एका किड्याला भिते. अळी तांदळाच्या दाण्याएवढी, पंख फुटले की फिकट पिवळं पाखरू. पाखरू काही खातपीत नाही, खाते ती अळी, आणि खाते ती लोकर. हे सगळं मला राउहानंच सांगितलं. सांगताना तिनं आवाज इतका खाली आणला, जणू कसर भिंतीला कान लावून बसली आहे.

राउहा आमच्या गावच्या कलासंग्रहालयाची क्युरेटर. संग्रहालय म्हणजे जुना बंबखाना. आगीचे बंब नव्या इमारतीत गेले आणि ते उभे राहायचे त्या दालनात चित्रं आली. वरच्या मजल्यावर राउहा राहते. लोकांना ठाऊक ते पुढचं दालन: भिंती, दिवे आणि उद्घाटनाची कॉफी. मागच्या खोलीत काय चालतं ते राउहाला ठाऊक आणि मला, कारण तिची मागची खिडकी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येते. शिवाय मी बोलावल्याशिवाय जाते.

कुणाकडून काही वस्तू आली की राउहा ती पांढऱ्या कागदावर ठेवते, दिवा मालवते आणि विजेरी टेबलाला आडवी धरते. असा आडवा उजेड पडला की सुरकुती, भेग, सुटलेला धागा, सगळ्यांच्या सावल्या पडतात. मग वस्तू उलटून पाठ बघते. पाठ बघायला तिला पुढच्या बाजूपेक्षा जास्त वेळ लागतो.

"घोडा विकत घेतेयस का गं?" मी एकदा विचारलं.

"घोडा बरा," ती म्हणाली. "दुखलं तर लाथ तरी मारतो."

खोलीच्या कोपऱ्यांत, कपाटांखाली तिनं चिकट कागदाचे सापळे मांडलेत. सकाळी उठल्यावर तिचं पहिलं काम ते बघायचं. मी खिडकीतून ओरडायचे, "काय गं, आज शिकार?" ती मूठ वळून दाखवायची. मूठ म्हणजे काही नाही, सापडलीच तर तेवढी बोटं. अशी मूठ बघत आम्ही म्हाताऱ्या व्हायला लागलो.

माझं नाव डोरीन. माहेर कॉर्निश, सासर फिनिश, दोन्हीकडचे पूर्वज इथल्या खाणींत कामाला आलेले. माहेरचं माणूस गप्प बसलं तर आजारी आहे समजावं, सासरचं बोलायला लागलं तर. राउहा सासरच्या जातीची. ती घाबरली की आधीच कमी असलेले शब्दही संपतात, आणि मग माझ्यासारखीला पोकळी भरून काढावी लागते.

त्या वर्षी तिनं घराघरांतल्या रुइयूंचं प्रदर्शन ठरवलं. रुइयू म्हणजे झुबकेदार लोकरीचा गालिचा, पण जमिनीवर घालायचा नाही, भिंतीवर टांगायचा. इथल्या फिनिश घरांत एखादा तरी असतोच, आणि कुणी तो सहजी देत नाही. राउहा महिनाभर दारोदार फिरली. सामान उचलायला म्हणून मी बरोबर. लोकांची घरं आतून बघायला मिळत होती, मी कशाला सोडते!

शेवटचं घर ओन्नीसेताचं. सेता म्हणजे काका. वयानं सगळ्या गावाचाच काका. त्यांच्या दारावर हरणाची मोठी शिंगं आहेत, ती त्यांच्या शिकारीची नव्हेत, बायकोच्या, हिल्याच्या. त्यांची स्वतःची लहान, ती मागच्या शेडमध्ये. हिल्या तेव्हा वृद्धाश्रमात होती. जेवण सुटत चाललं होतं.

ओन्नीसेतांनी रुइयू स्वतः भिंतीवरून काढला. लाल, काळा, मधे निळा. हिल्याच्या आईनं विणलेला. त्यावर उभं राहून दोघांचं लग्न लागलं होतं, आणि त्यांच्या घरात तोच शेवटी शवपेटीवर घालतात. हिल्याच्या आईवर घातला, बापावर घातला.

"नेतेस तर ने," ओन्नीसेता म्हणाले. "पण मला लागेल तेव्हा दे. लागणार आहे, तुला ठाऊक आहे."

"देईन, सेता."

"आहे तसा दे."

"आहे तसा."

 

चार दिवसांनी सकाळी मी खिडकीतून ओरडले, "आज शिकार?" मूठ दिसली नाही. खिडकीत कुणीच नव्हतं. मग माझं मागचं दार उघडलं आणि राउहा आत आली. अंगावर कोट नाही, हातात पांढरे हातमोजे तसेच.

"डोरीन, तुझा फ्रीझर रिकामा आहे?"

"नोव्हेंबरात? असणारच. हरणाची वाट बघतोय. का गं?"

"विचारू नकोस."

"मी विचारणार नाही असं झालंय कधी?"

ती खुर्चीवर बसली. ओन्नीसेतांच्या रुइयूच्या पाठीला, एका कोपऱ्यात, विजेरीच्या आडव्या उजेडात तिला बारीक पांढरी नळकांडी दिसली होती. नळकांड्यांत अळ्या. पुढून बघितलं तर कोपऱ्यातली लोकर बोटाच्या पेराएवढी उडालेली, उघडं सूत दिसतं आहे.

"तुझ्याकडेच लागली की त्यांच्या घरातून आली?"

"त्यांच्याच घरातून. माझ्याकडे चार दिवसच आहे. पण आता बाकीचे तीसेक रुइयू त्याच खोलीत आहेत." तिनं हातमोजे ओढून काढले. "हे बाहेर कळलं की प्रत्येक जण आपापला घेऊन जाईल. परत कुणी बंबखान्यात सुतळीसुद्धा ठेवणार नाही. आणि हिल्या..."

 आज ना उद्या हिल्या जाणार, ओन्नीसेता रुइयू मागणार, आणि आहे तसा देईन म्हणून ही शब्द देऊन बसली होती.

उपाय तिला ठाऊक होता. लोकर दोन प्लास्टिकांत हवाबंद करायची आणि दोन आठवडे कडक गोठवायची. अंडीसुद्धा मरतात. संग्रहालयाला फ्रीझर घेऊन द्या म्हणून ती गावच्या समितीपुढे दरवर्षी सांगते, आणि समिती दरवर्षी विचारते, चित्रं काय नासतात?

आम्ही रुइयू चादरीत गुंडाळला, घड्यांत कागदाचे बोळे घातले, प्लास्टिकच्या पिशवीत भरून आतली हवा झाडलोटीच्या यंत्रानं ओढून घेतली, वरून काळी जाड पिशवी आणि चिकटपट्टीचे वेढे. दोघींनी दोन टोकं धरून माझ्या गॅरेजमध्ये नेला. कुणी बघितलं असतं तर वेइक्को शिकारीला गेला नसून आम्हीच त्याची शिकार केली असं गावभर झालं असतं. वेइक्को म्हणजे माझा नवरा.

"सेतांना सांग ना सरळ," मी म्हणाले.

"सांगेन. बरा झाल्यावर."

"आणि मी गप्प बसायचं?"

"हो."

"दोन आठवडे?"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी हो म्हणून टाकलं. तोंडाला कुलूप लावून मी कधी जगले नव्हते. चर्चमध्ये, किराणा दुकानात, केस कापायला गेले तिथे, जीभ आतून दातांवर धडका मारत होती. गावातली मीना मेकेला मला म्हणालीसुद्धा, "डोरीन, बरं नाही का गं?"

राउहा रोज मागच्या खोलीत एकेक रुइयू उलटून, आडव्या उजेडात बोटाबोटानं तपासत होती. जेवणाचं भान नाही. सकाळी मूठ दाखवायची आणि लगेच टेबलाकडे वळायची.

हरणांचा हंगाम पुरता दोन आठवडे असतो, आणि गावातले पुरुष जंगलातल्या खोपटात जातात ते संपल्यावरच उगवतात. बायकांना तेवढीच शांतता. यंदा वेइक्कोला हरीण लवकर मिळालं. मी दोन दिवस चर्चच्या विक्रीसाठी पेस्ट्या, म्हणजे माहेरच्या मांसबटाट्याच्या करंज्या, भाजायला जात होते. दुसऱ्या दिवशी घरी आले तर गॅरेजमध्ये दिवा, वेइक्को शीळ घालतोय, आणि फ्रीझर कागदात बांधलेल्या मांसानं काठोकाठ.

मी काही बोलायच्या आत फोन वाजला. राउहा.

"हिल्या गेली," ती म्हणाली. "पहाटे. उद्या दुपारी चर्च. ओन्नीसेतांनी रुइयू मागितलाय. मी आत्ता न्यायला येते. बाहेर काढल्यावर रात्रभर बंदच ठेवावा लागेल, गार असताना पिशवी उघडली तर घाम धरेल आणि लोकर भिजेल. डोरीन? ऐकतेयस ना?"

मी फोन हातात धरून फ्रीझरमध्ये बघत होते. पाकिटं उचलली. तळ दिसला.

"वेइक्को, इथली काळी पिशवी?"

"कातडं होय? टाकलं की."

"कुठे टाकलं?"

"पेटीत. आणखी कुठे? चाचपलं तर आत केसाळ लागलं, म्हटलं माझ्या भावानं, लॉरीनं, आपलं कातडं ठेवलंय, नेहमीसारखं न विचारता. माझं टाकायला चाललोच होतो, तेही नेलं."

बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. पण इथे नोव्हेंबरात फ्रीझरमधल्या, आत केसाळ लागणाऱ्या काळ्या पिशवीला सगळे कातडंच समजतात. गॅरेजला कुलूप नसतं, दीर येऊन ठेवून जातात, आपण ते माजी सैनिकांच्या क्लबच्या पेटीत नेऊन टाकायचं. त्या कातड्यांचे हातमोजे होतात, जखमी सैनिकांना जातात. चांगलंच काम आहे. वेइक्कोला चांगल्या कामासाठी मारताही येईना.

"कधी टाकलंस?"

"काल. मांसाला जागा करायला येऊन गेलो, तू चर्चमध्ये होतीस."

 फोनमधून राउहाचा श्वास ऐकू येत होता. तिनं सगळं ऐकलं होतं.

पेटी हार्डवेअरच्या दुकानामागे असते. राउहा आणि मी पोचलो तेव्हा पेटी रिकामी होती, तळाशी गोठलेलं रक्त आणि चार केस. दुकानदार म्हणाला, ट्रक सकाळीच येऊन गेला, कातडी आता रस्त्यापलीकडच्या जुन्या बटाट्याच्या गोदामात मीठ लावायला. राउहा पळाली. ती पळताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

गोदामाचं दार उघडं होतं. आत क्लिफर्ड म्हणून एक दांडगा माणूस रबरी बूट घालून उभा, हातात आकड्यासारखा सुरा. पिशवी उचलायची, एका ओढीत फाडायची, कातडं जमिनीवर उलटं पसरायचं, वर फावड्यानं मीठ. उचल, फाड, पसर, मीठ. त्याच्या मागे ओळीनं कातडी पसरलेली, पुढे काळ्या पिशव्यांचा ढीग.

"थांबा!" राउहा ओरडली. तिचा तो आवाज मला ओळखू आला नाही.

क्लिफर्ड थांबला. "काय झालं, बाई?"

"त्यात एक... ते हरीण नाही."

"अस्वल आहे का? परवाना काढला होता ना?"

मी पुढे झाले, कारण राउहाचे शब्द संपले होते. "तो गालिचा आहे, भाऊ. लग्नाचा. लाल, काळा, निळा. फाडलात का?"

त्यानं सुऱ्यानं कपाळ खाजवलं. राउहा मिठातल्या ओळींतून चालायला लागली. प्रत्येक कातड्यावर वाकत होती. भुरं. भुरं. पांढरं पोट. भुरं. मीही बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, लाल दिसू नये, देवा, लाल दिसू नये. आणि रक्त तर सगळीकडे लालच होतं.

"एक पिशवी होती खरी," क्लिफर्ड सावकाश म्हणाला. "वरची फाडली तर आत दुसरी. तिलाही पट्ट्या. म्हटलं, कातडं असं कोण बांधतं? कुणीतरी वेडाच. बाजूला टाकली."

"कुठे?"

त्यानं भिंतीकडे सुरा दाखवला. तिथे ती होती, दगडासारखी कडक, गोठलेल्या रक्तानं माखलेली, वर ओल्या मिठाचा थर. बाहेरची पिशवी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाटलेली. आतलीवर बोटभर लांबीची चीर.

राउहानं चिरेवर हात ठेवला. "आत गेलंय की नाही, कळत नाही."

"उघडून बघ ना."

"नाही! आत्ता उघडला तर हवेतला ओलावा लोकर ओढून घेईल. आणि रक्त वितळलं तर चिरेतून आत. गोठलेलं असतानाच पुसायला हवं."

मग बाहेर बर्फात गुडघ्यांवर बसून तिनं स्वतःच्या लोकरी टोपीनं ते रक्त आणि मीठ खरवडलं, कणाकणानं, आणि चिरेवर पट्टी लावली. परत येताना गाडीचा हीटर बंद, चारी काचा खाली. मागच्या सीटवर हिल्याचा रुइयू, पुढे आम्ही दोघी दात वाजवत.

"मेले तर माझ्यावर पण तोच घाल," मी म्हणाले.

ती हसली नाही. "गाडी ओन्नीसेतांकडे घे."

"आधी उघडून बघू, मग सांग. ठीक असला तर सांगायचीसुद्धा गरज नाही."

"आधी सांगायचं."

दारावरच्या हिल्याच्या शिंगांवर बर्फ साठला होता. ओन्नीसेता काळ्या कोटात स्वयंपाकघरात बसले होते, समोर वेलदोड्याचा निसू पाव, कुणीतरी आणून दिलेला, न कापलेला. राउहा उभी राहूनच बोलली. कसर, फ्रीझर, कातड्यांची पेटी, सुरा. एकही गोष्ट तिनं गाळली नाही, वेइक्कोचं नाव मात्र घेतलं नाही, "माझ्याकडून गेला" एवढंच. मी आयुष्यात इतका वेळ गप्प बसलेले नाही.

ओन्नीसेतांनी मान वळवून भिंतीकडे बघितलं. तिथे रुइयूची रिकामी जागा होती, तिथला रंग उजळ.

"भोक केवढं आहे?"

राउहानं बोटाचं पेर दाखवलं.

"आणि रक्त?"

"माहीत नाही, सेता. उद्या सकाळपर्यंत उघडता येणार नाही."

"तुझ्या खोलीत ठेवणार?"

"हो."

ते उठले. टोपी घातली. "चला," म्हणाले. "आज तिला एकटी नाही ठेवायची."

त्यांनी रुइयूला तिला म्हटलं की हिल्याला, मी विचारलं नाही. मीसुद्धा काही गोष्टी विचारत नाही.

बंबखान्याच्या मागच्या खोलीत, बाकीच्या रुइयूंपासून लांब, दाराजवळच्या टेबलावर ती पिशवी ठेवली. ओन्नीसेता खुर्ची ओढून बसले. मी त्यांना पेस्टी आणून दिली, ती त्यांनी हातात धरूनच ठेवली. राउहा मधूनमधून प्लास्टिकला हात लावून थंडावा बघायची आणि मागे व्हायची.  दोघेही फिनिश, मला घरी जावं लागलं, नाहीतर मी गुदमरले असते. पण झोप मला कसली!

सकाळी गेले तेव्हा प्लास्टिकवरचा गारवा सरला होता. राउहानं नवे हातमोजे घातले. कात्री घेतली आणि थांबली.

"काप," ओन्नीसेता म्हणाले.

प्लास्टिक सुटलं. चादर उलगडली. लाल लाल होता, काळा काळा, निळा निळा. कोपऱ्यात कसरीनं खाल्लेली जागा, तेवढीच. आणि चिरेखाली, कडेच्या झुबक्यांत, नाण्याएवढा तपकिरी डाग.

 कात्री राउहाच्या हातात तशीच. मग म्हणाली, "काढता येईल. पण आज नाही. सावकाश काढावा लागतो. सेता, मी आहे तसा देईन म्हटलं होतं..."

ओन्नीसेता वाकले. डागाचा वास घेतला म्हणा ना.

"हरणाचं?"

"हो."

म्हाताऱ्याचे खांदे हलले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता, आणि मग दोन्ही करत होता. "लग्नाच्या वर्षी तिनं माझ्याहून मोठं हरीण मारलं," तो म्हणाला. "मरेपर्यंत ऐकवत होती. आता शेवटचं ऐकवते आहे."

चर्चमध्ये रुइयू हिल्याच्या शवपेटीवर घातला. कसर लागलेला कोपरा ओन्नीसेतांनी आपल्या बाकाच्या बाजूला करून घेतला. नंतर तळघरात कॉफी होती. माझी जीभ शिवशिवत होती, राउहा भिंतीला टेकून उभी, चेहरा कागदासारखा. ओन्नीसेता कप ठेवून उठले. त्यांना चारचौघांत बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे चमचे थांबले.

"माझ्या रुइयूला कसर लागली आहे," ते म्हणाले. "माझ्या घरातून लागली. राउहाच्या खोलीत सगळ्यांचे आहेत. ज्याला न्यायचा त्यानं न्यावा." आणि बसले.

गावात एखादी गोष्ट माझ्याआधी दुसऱ्यानं सांगायची ही पहिलीच वेळ. काहींनी खरंच दुसऱ्या दिवशी आपापले नेले, राउहाकडे न बघता. मीना मेकेलानं नेला आणि संध्याकाळी परत आणला, म्हणाली, "माझ्या कपाटात तर पाखरं उडतायत गं!" प्रदर्शन उघडलं तेव्हा भिंतीवर बऱ्याच खुंट्या रिकाम्या होत्या. राउहानं त्या तशाच ठेवल्या.

ओन्नीसेतांनी रुइयू परत दिला तो दफन आटोपल्यावर, स्वतः काळ्या पिशवीत घालून.

"पुन्हा गोठव," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पण या बाईच्या फ्रीझरमध्ये नको."

आता तो बंबखान्याच्या दालनात भिंतीवर आहे. डाग काढू का, म्हणून राउहानं विचारलं होतं. सेता नको म्हणाले. ते अधूनमधून येतात, पण दालनात आधी जात नाहीत. मागच्या दारानं येतात, राउहाची विजेरी मागून घेतात आणि कपाटाखाली वाकून सापळे बघतात.

परवा मी खिडकीतून ओरडले, "काय गं, आज शिकार?"

राउहा खिडकीशी आली. मूठ नव्हती. एक बोट होतं.

तिच्या मागे ओन्नीसेता जमिनीवर गुडघे टेकून बसलेले दिसत होते. राउहा वळून काहीतरी म्हणाली, बहुतेक कॉफी घ्या म्हणून.

"नंतर," त्यांचा आवाज खिडकीतून आला. "आधी विजेरी आडवी धर."